तिसऱ्यांदा उभे राहिलेले घर

परगावी गेल्यावर थोर माणसांची राहती घरे पाहायला जायचे नाही, असा माझा जुना नेम आहे. अशा घरात शिरले की माझा जीव गुदमरतो. पलंगाभोवती दोरी असते, खुर्चीवर ‘बसू नये’ अशी पाटी असते, काचेखाली एक चष्मा आणि एक दौत असते. आणि ज्या माणसाने जन्मभर पसारा घातला त्याच्या टेबलावर कागदाचा कपटासुद्धा नसतो. तिथला पहारेकरी तर आपल्याकडे असा पाहत असतो, की जणू ती दौत खिशात घालायलाच आपण तिकीट काढून आलो आहोत.

हा नेम यंदाच्या जून महिन्यात मोडला. तोही आपल्या देशात नव्हे, रुमानियात. आणि ज्याच्या कवितेची एक ओळही मला मूळ भाषेत वाचता येत नाही अशा कवीच्या घरी.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव रुमानियाच्या ईशान्येकडच्या एका मोठ्या शहरात नोकरीला आहेत. शहराचे नाव याश. तिथल्या लोकांच्या तोंडी ते आपल्या ‘यश’च्या इतके जवळ जाते, की आमच्या सौभाग्यवती शेजारीपाजारी सरळ “मुलगा यशात असतो” असे सांगतात, आणि ऐकणाऱ्यांना वाटते, बाईंना भलताच गर्व चढला. तर अशा या यशात महिनाभर मुक्काम टाकायला आम्ही दोघे गेलो होतो.

पहिल्या दोनचार दिवसांतच माझ्या ध्यानात आले, की या गावात कुठेही वळलो तरी एक गृहस्थ आपल्याला भेटल्याशिवाय राहत नाही. पुस्तकांच्या दुकानात त्याची तसबीर. बागेत त्याचा पुतळा. कोपोउ नावाची तिथली मोठी बाग आहे, तिच्यात लिंडनचे एक फार जुने झाड आहे. म्हाताऱ्याला काठी द्यावी तसे त्याला लोखंडी आधार देऊन जपले आहे. कशासाठी? तर हा गृहस्थ त्याच्या सावलीत बसत असे म्हणून. शेवटी चिरंजिवांनी एक ५०० लेईची नोट दाखवली. त्या देशातली ही सर्वांत मोठी नोट. तिच्यावरही हाच!

मिहाइ एमिनेस्कु त्याचे नाव. १८५० साली जन्मला, १८८९ साली गेला. उणीपुरी एकोणचाळीस वर्षे. जन्मभर पैशांच्या विवंचनेत राहिलेल्या माणसाला मेल्यावर सर्वांत मोठ्या नोटेवर नेऊन बसवायचे, ही थट्टा कोणाला सुचली असेल कोण जाणे! त्याचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा रुमानियात आता राष्ट्रीय संस्कृतिदिन म्हणून पाळतात.

“घर कुठे आहे हो त्याचं?” सौभाग्यवतींनी विचारले.

“इपोतेश्तीला. बोतोशानी म्हणून गाव आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे. रविवारी जाऊ या,” चिरंजीव म्हणाले.

मी माझ्या नेमाची आठवण करून दिली. तिचा काडीमात्र उपयोग झाला नाही.

खरे सांगायचे तर त्या वेळी घरे पाहण्याचा माझा उत्साह मावळायला आणखी एक कारण होते. मुंबईहून निघण्याआधी आठच दिवस माझे आणि दादाचे घरावरूनच वाजले होते. राजापूर तालुक्यातले आमचे जुने घर. काकू गेल्यापासून त्यात दिवा लागलेला नाही. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली, पाठोपाठ माजघरावरचे वासे आले. दादाचे म्हणणे, जे उरले आहे ते उतरवून पुन्हा होते तस्सेच घर बांधावे. माझे म्हणणे, पडले ते पडले. चिरे नवे, वासे नवे, कौले नवी, मग त्याला आपले घर म्हणायचे कशाला? ते नाटकातले घर झाले. पुढे जोते, मागे पडदा!

“पैसे द्यायचे नाहीत असं सरळ सांग की,” दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर आमचे बोलणे नव्हते.

तर रविवारी निघालो. याशहून बोतोशानी शंभर-सव्वाशे किलोमीटर. रस्ता लहान लहान टेकड्यांवरून वरखाली करीत जातो. दोन्हीकडे मका आणि सूर्यफुलांची शेते. मधूनच एखाद्या खेड्यात विजेच्या खांबावर करकोच्याचे भले थोरले घरटे. बोतोशानीपासून थोडे आत वळले की इपोतेश्ती. गाडीतून उतरताच एक गोडसर, जरा मधासारखा वास आला. लिंडन फुलले होते. त्या फुलांचा तिथे चहासारखा काढा करून पितात. सौभाग्यवतींना तो वास फार आवडला. मी मात्र पाटीवरच्या तिकिटाच्या दराकडे पाहत होतो.

घर दिसायला साधे, बैठे. पांढऱ्या भिंती, पुढे खांबांची ओसरी. आत बापाची लिहिण्याची खोली, बसण्याउठण्याची खोली, आईबापांची निजायची खोली. त्या काळचे लाकडी सामान, दिवे, विणलेले गालिचे. आणि हो, दोरी होतीच! पण मनात म्हटले, ठीक आहे. या मेजाशी त्याने धुळाक्षरे गिरवली असतील, या उंबऱ्याला ठेचाळला असेल. मी उंबऱ्यावर जरा हात ठेवून उभा राहिलो. आपण हळवे झालो आहोत हे कुणी पाहू नये अशा बेताने.

तेवढ्यात तिथल्या माहिती सांगणाऱ्या बाई आल्या. इंग्रजी त्यांचे बेताचे. अडले की रुमानियनमध्ये बोलत आणि चिरंजीव आम्हांला सांगत. बाई पहिलेच वाक्य बोलल्या ते असे: “हे मूळ घर नव्हे. हे १९७९ साली बांधलेलं आहे.”

मी उंबऱ्यावरचा हात काढून घेतला.

मग बाईंनी सगळी कुळकथा सांगितली. मूळ घर मोडकळीला आले होते ते १९२४ साली पाडून टाकले. पुढे लोकांना चुटपूट लागली. १९३०नंतरच्या दशकात त्या जागी दुसरे घर उभे केले, पण ते जुन्या घरासारखे नव्हते. भलतेच काही झाले. तेव्हा तेही पाडले, आणि जुन्या पायावर, जुन्या आराखड्याबरहुकूम तिसऱ्यांदा हे घर बांधले. आतल्या सामानापैकी त्या कुटुंबाचे म्हणता येईल असे थोडेच. बाकीचे त्या काळचे म्हणून आणून मांडलेले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी सौभाग्यवतींकडे वळून म्हणालो, “ऐकलंस? नाटकातलं घर! दादाला हे सांगायला पाहिजे.”

“बोलणं कुठे आहे तुमचं, सांगायला?” त्या म्हणाल्या.

बाईंच्या बोलण्यातून एकेक गोष्ट निघत गेली तसा मी अधिकच गोंधळात पडू लागलो. घराचेच नव्हे, जन्माचेसुद्धा नक्की नाही. बोतोशानीच्या चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नोंद आहे. तीत १५ जानेवारी १८५० ही जन्मतारीख आहे आणि गाव बोतोशानी. पण याशच्या साहित्यिकांची ‘जुनिमेआ’ म्हणून जी मंडळी होती, तिच्या नोंदवहीत स्वतः एमिनेस्कुनेच आपली जन्मतारीख २० डिसेंबर १८४९ अशी दिली आहे. काही जण जन्म या इपोतेश्तीतलाच मानतात. आडनावाचीही तीच गत. बाप गिओर्गे एमिनोविच. मुलाने सोळाव्या वर्षी एका मासिकाकडे कविता धाडली, तर संपादक योसिफ वुल्कान यांनी कवितेबरोबर आडनावही सुधारून ‘एमिनेस्कु’ करून टाकले, आणि मुलानेही ते जन्मभर ठेवून घेतले. आमच्या संपादकांनी हा मजकूर वाचून काही कल्पना डोक्यात घेऊ नये, ही विनंती!

अकरा भावंडांतला हा सातवा. बाप करडा, मुलांनी शिकून मोठे व्हावे म्हणून धडपडणारा. हा मात्र शाळा सोडून नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडला, पडद्याआडून नटांना शब्द पुरवण्याचे काम केले. पुढे व्हिएन्ना आणि बर्लिन इथे विद्यापीठांत बसला, पण पदवी घेतली नाही. याशला ग्रंथपाल झाला, शाळातपासनीस झाला, दोन्ही नोकऱ्या गेल्या. त्या पडत्या काळात, १८७६ साली, योन क्रेआंगा नावाच्या गोष्टीवेल्हाळ लेखक-मित्राच्या दोन खोल्यांच्या घरात तो राहिला. याशमधले ते मातीचे घर मी नंतर जाऊन पाहिले. १९१८ साली उघडलेले रुमानियातले ते पहिले स्मारकघर.

मग सहा वर्षे बुखारेस्टला ‘तिंपुल’ या वर्तमानपत्रात त्याने रोजची पाने भरली. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या वर्तमानपत्री लिखाणात परकीयांविषयी, विशेषतः ज्यूंविषयी जो कडवटपणा आहे तो वाचून मन विटते. नोटेवरच्या चित्रात हे दिसत नाही. बाईंना मी विचारले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ते आहे. तेही त्याचंच आहे.” मला ही बाई आवडली.

या वर्तमानपत्राच्या घाण्यातच त्याने आपले सर्वांत प्रसिद्ध काव्य लिहिले. शुक्राच्या चांदणीवर. तिथल्या भाषेत तो तारा पुरुष आहे. एक राजकन्या रोज संध्याकाळी त्याला खिडकीतून पाहते, त्याच्यावर जीव जडवते. तिच्यासाठी तो आपले अमरत्व परत घ्या म्हणून विधात्याकडे याचना करायला जातो. आणि तो तिकडे असताना इकडे ती राजवाड्यातल्या एका हुशार पोराच्या प्रेमात पडते! अठ्ठ्याण्णव कडव्यांचे हे काव्य १८८३ साली छापून आले. त्याच वर्षी जूनअखेरीस कवीचे मन ढासळले. वर्षअखेर त्याचा कवितासंग्रह निघाला, तेव्हा कवी व्हिएन्नाच्या रुग्णालयात होता. कविता निवडल्या आणि छापल्या त्या तितु मायोरेस्कु या समीक्षकाने. हयातीतला त्याचा हा एवढा एकच संग्रह. आमच्या मालगुंडच्या केशवसुतांना तेवढेही लाभले नाही. ते १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, तोवर त्यांचे एकही पुस्तक निघालेले नव्हते.

बाई मग आम्हांला घराबाहेर घेऊन गेल्या. जवळच कुटुंबाचे एक चिमुकले चर्च आहे. त्याच्या आवारात चार थडगी. आई रालुका, बाप गिओर्गे आणि दोन भाऊ. आई गेली १८७६ साली. दोनच वर्षांनी बापाने कर्जापायी ही जागा विकली. पुढच्या दुखण्यात मुलाला सांभाळले ते बोतोशानीला राहणाऱ्या बहिणीने, हारिएताने. ती स्वतः पायांनी अधू. भाऊ १५ जून १८८९ला बुखारेस्टला वारला आणि त्याच वर्षी तीही गेली.

म्हणजे ज्याला आपण कवीचे घर म्हणतो, ते कवीच्या हयातीतच दुसऱ्याचे झाले होते. आईवरची त्याची कविता रुमानियात घरोघरी पाठ आहे म्हणतात. ती लिहिली तेव्हा, १८८० साली, त्याला परत यायला इथे घर नव्हते, यांतली काही थडगी तेवढी होती. घर तीनदा बांधले गेले, पण ती जागची हललेली नाहीत.

सौभाग्यवतींनी वाकून आईच्या थडग्यावर दोन फुले ठेवली. कुठून घेतली होती कोण जाणे, बहुधा आवारातलीच.

निघता निघता बाईंनी विचारले, “तुम्ही हिंदुस्थानातले ना? मग थांबा.” तिथे कवितेचे एक मोठे ग्रंथालयही आहे. त्यातून त्यांनी एक जाडजूड ग्रंथ आणला आणि एक पान उघडून माझ्यापुढे धरले. कुणाच्या तरी वहीच्या पानाची ती छापील प्रत होती. बारीक रुमानियन अक्षर, आणि त्याच्यामध्ये देवनागरी!

व्हिएन्ना-बर्लिनच्या दिवसांत त्याची भारतीय विचारांशी ओळख झाली होती. १८८१ साली छापलेल्या त्याच्या ‘पहिले पत्र’ या कवितेत सृष्टीच्या आधी काय होते याचे जे वर्णन आहे, ते आपल्या ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावरून सुचलेले आहे. ‘कामदेव’ याच नावाची त्याची एक कविताही आहे. हे मला चिरंजिवांनी आधी सांगितले होते. पण ही वही वेगळी. फ्रांट्स बोप या जर्मन पंडिताच्या संस्कृत व्याकरणाचे रुमानियनमध्ये भाषांतर तो करीत होता. आणि ते केव्हा? मन ढासळून गेल्यानंतरच्या वर्षांत, याशला उपग्रंथपाल म्हणून दिवस काढताना. कविता जवळपास आटली होती. लोक ‘बिचारा’ म्हणू लागले होते. आणि हा माणूस आपली नामे आणि क्रियापदे चालवीत बसला होता.

ती अक्षरे पाहून मला माझी शाळेतली संस्कृतची वही आठवली. तिचा मला भारी कंटाळा असे. कुणी मारून-मुटकून बसवले नसताना, हजारो कोसांवर, दुखणाईत हाताने कुणी ही अक्षरे इतक्या निगुतीने काढली असतील, हे मला त्या वेळी कुणी सांगायला हवे होते.

त्या वह्या वाचल्या कशा, हेही बाईंनी सांगितले. व्याकरणाची ही वही याशच्या विद्यापीठ-ग्रंथालयात आहे. बाकीच्या वह्या मायोरेस्कुने पेटीत जपून ठेवल्या आणि १९०२ साली बुखारेस्टच्या अकादमीच्या स्वाधीन केल्या. चौदा हजारांच्या आसपास पाने! घर पडू दिले, पण कागद वाचवले. आणि त्यांतला आपला धागा शोधून काढला तो कलकत्त्याच्या अमिता भोसे या बाईंनी. १९६९ साली त्यांनी एमिनेस्कुच्या कविता बंगालीत नेल्या. पुढे बुखारेस्टलाच राहून ‘एमिनेस्कु आणि भारत’ या विषयावर प्रबंध लिहिला, तिथल्या विद्यार्थ्यांना बंगाली आणि संस्कृत शिकवले. १९९२ साली त्या तिथेच वारल्या. मराठीत असे कुणी का केले नाही, हा प्रश्न बाईंनी विचारला नाही, हे नशीब.

मी त्यांना माझा प्रश्न विचारला. म्हटले, “बाई, राग मानू नका. कागद खरे, थडगी खरी. मग हे खोटं घर कशाला? इथे नुसती एक पाटी लावली असती तरी चाललं असतं.”

बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “पाटी होती तर लोक वाचून परत गेले असते. घर आहे म्हणून मुलं आत येतात. खिडकीतून बघतात. खिडकी त्याच जागी आहे.”

परतीच्या वाटेवर मी बराच वेळ गप्प होतो. मला गप्प पाहून सौभाग्यवती बोलत नाहीत, असा प्रकार आमच्याकडे क्वचितच घडतो. त्या म्हणाल्या, “आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात. दगडन्‌दगड नवा घालतात. म्हणून काय देव बदलला असं कुणी म्हणतं का?”

“देवळाची गोष्ट वेगळी,” मी म्हणालो.

“का बरं?”

मला कारण सांगता आले नाही. मी बाहेर सूर्यफुले पाहू लागलो. पण डोळ्यांपुढे आमच्या माजघराची पश्चिमेची खिडकी आली. तिच्या गजांतून फणसाची एक फांदी दिसायची, आणि त्या खिडकीत बसून आई तांदूळ निवडायची. खिडकी भिंतीबरोबर गेली. फणस आहे. ती खिडकी जमिनीपासून किती उंचीवर होती, हे मला काही केल्या आठवेना. दोन हात? अडीच? तिच्यात चढून बसायला मला पाट घ्यावा लागे, एवढेच आठवत होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी दादाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती. त्याने उचलला.

“काय रे? बरे आहात ना सगळे?”

“बरे आहोत. दादा, माजघरातली खिडकी जोत्यापासून किती उंच होती रे?”

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. फोन तुटला की काय असे मला वाटले.

“अडीच फूट,” तो म्हणाला. “मे महिन्यात सगळं मोजून ठेवलंय मी. जोतं, ओटी, पडवी, सगळं. वहीत आहे.”

“अडीच कसं असेल? मला पाट लागायचा.”

“तुला पाट लागायचा कारण तू बुटका होतास,” दादा म्हणाला. “आणि खिडकी पश्चिमेची नव्हे, दक्षिणेची. येशील तेव्हा वही दाखवतो.”

खिडकी पश्चिमेचीच होती. फणस पश्चिमेला आहे. हे मी त्याला दिवाळीला गेल्यावर जागेवर उभे राहून दाखवून देणार आहे.